रेकॉर्डिंग करताना सीपीयू फुल होऊन आवाज तुटतो. नवा लॅपटॉप घ्यावा का?

नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की आय-५, ८ जीबी रॅम, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बावीस ट्रॅक. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे कण, हाताळतो तो आकडा) ६४ ला ठेवून गायला बसलं की चटचट येते, आणि १०२४ केला की हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो. दोन्हीला औषध एकच: अर्धवट मिक्स केलेल्या प्रोजेक्टमध्ये रेकॉर्डिंग करायचं नाही. मी हे एका भल्या माणसाचा अपमान झाल्यावर शिकलो.

मिरजेला आमच्या मागच्या खोलीत एका भजनी मंडळाचे पाच अभंग करत होतो. गायन, पेटी, टाळ, कोरस सगळं झालं होतं. पखवाज तेवढा राहिला, कारण तो वाजवणाऱ्या आप्पांच्या घरी लग्न होतं. ते येईपर्यंत मी मिक्सला हात घातला. अकरा ट्रॅकवर अकरा वेगवेगळे कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारे, सीपीयूला जड), आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, लिनिअर फेज इक्यू आणि लिमिटर. हे सगळे प्लगिन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम. आप्पा आले त्या दिवशी २५६ लासुद्धा आवाज तडतडायला लागला, म्हणून बफर सरळ १०२४ केला. तडतड थांबली आणि मी निर्धास्त झालो.

पहिल्याच आवर्तनात ठेका टाळांशी जमेना. आप्पांना वाटलं वाद्य उतरलंय. त्यांनी डाव्या पुडीची कणीक खरवडून काढली, पाण्याचा हात लावून नवी थापली, हातोडीने गठ्ठे ठोकले, पुन्हा वाजवलं. तेच. सात टेक झाले. प्रोजेक्टमध्ये माझ्या मामेभावाचे निम्मे पैसे होते, तो बोलून गेला, "आप्पा, आता वय झालं, हात पळतोय तुमचा." मी गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं. आप्पांनी पखवाजाला खोळ घातली आणि चहा न घेता निघून गेले.

रात्री टेक उघडून झूम केला. प्रत्येक थाप टाळांच्या आधी होती, आणि जवळजवळ सारख्याच अंतराने आधी. थकलेला हात कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. इतका एकसारखा पळत नाही. मग गणित मांडलं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १०२४ सॅम्पल म्हणजे २१ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, झाले जवळपास ४३. त्यावर मास्टरवरच्या प्लगिनांचा उशीर वेगळा. लय होती मिनिटाला १६० मात्रांची. चौपटीत, म्हणजे मात्रेला चार बोल वाजवताना, दोन बोलांमध्ये जेमतेम ९४ मिलिसेकंद असतात, म्हणजे आप्पांना स्वतःची थाप अर्धा बोल उशिराने ऐकू येत होती. ती टाळांवर बसावी म्हणून ते तेवढंच आधी वाजवत होते. रीपर रेकॉर्डिंगमधला इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) उशीर आपोआप वळता करून घेतो, म्हणून स्क्रीनवर ते पुढे दिसले. ज्याला हात पळणं म्हटलं, ते सात टेक टिकवायला आयुष्यभराची बैठक लागते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चार दिवसांनी ते आले. तोच लॅपटॉप. सगळ्या मिक्सची एक स्टिरिओ वेव्ह फाइल काढली, नव्या प्रोजेक्टमध्ये ती एकटी टाकली, बफर १२८, एकही प्लगिन नाही. दुसऱ्या टेकला अभंग संपला.

मामेभाऊ अजून म्हणतो, मशीन तेव्हाच बदललं असतं तर ही वेळ आली नसती, आणि आप्पांनी मधल्या चार दिवसांत रियाज केला असणार. दोन्ही टेक माझ्याकडे आहेत, कधीही येऊन ऐक म्हणावं. नव्या मशीनवर मी अकराचे पंचवीस रिव्हर्ब केले असते, एवढाच फरक पडला असता. रिव्हर्ब एका बसवर (सामायिक ट्रॅकवर) एकच लावा आणि सगळ्या ट्रॅकचे सेंड, म्हणजे आवाजाची प्रत, तिकडे द्या. जे ट्रॅक झालेत ते फ्रीझ करा, म्हणजे प्लगिनसकट त्यांची ऑडिओ फाइल करून टाका. मास्टर चेन रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. मिक्सला बसाल तेव्हा बफर खुशाल १०२४ करा, तिथे कुणी वाजवत नसतं. तुमच्या इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते चालू करून रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा; मग गायकाला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरताच ऐकू येतो.

हां, गिटार अँप सिम्युलेटरमधून वाजवत असाल किंवा कीबोर्डवर सॉफ्टवेअरचा पियानो, तर डायरेक्ट मॉनिटरचा उपयोग नाही, कारण तो आवाज कॉम्प्युटरमध्येच तयार होतो. तिथे बफर कमीच लागतो. एकाच ट्रॅकवर दहा जड प्लगिन असतील तर ती साखळी बहुतेक एकाच कोअरवर चालते; बाकीचे कोअर रिकामे असले तरी आवाज तुटतो. सीपीयू तीस टक्क्यांवर असूनही चटचट येत असेल तर वायफाय बंद करून बघा, लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते कळेल. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हरच निवडा. आणि मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे साठे) वापरत असाल तर ८ जीबी खरंच अपुरी पडते. तेव्हा रॅम वाढवा, पण लॅपटॉपला स्लॉट आहे का ते आधी उघडून बघा.