सोलापुरातल्या जुन्या वाड्याचं माळवद गळतंय, वरून सिमेंटचा कोबा टाकू का?

नका टाकू. तुळया, त्यावर किलचं (आडव्या लाकडी पट्ट्या), मग पाला, वर पांढरी माती: हे छत ओल शोषतं आणि उन्हात वाळतं. कोब्याला तडे जातातच. त्यातून मुरलेलं पाणी वर येत नाही नि भिंतीतलं तुळईचं टोक आधी कुजतं.

दरवर्षी नुसती माती चढवणं हीसुद्धा घोडचूकच. १० सेंटीमीटर थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो! म्हणून जुनी माती खरवडून मगच नवी घाला. पांढरीच हवी, काळी उन्हात भेगाळते. ओली करून चोपण्याने (लाकडी थापीने) ठोका, उतार पन्हाळीकडे ठेवा. गवत मुळासकट उपटा. तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर आधी टेकू द्या, मगच छतावर चढा.