एजंट भाड्यातून दुरुस्तीचे पैसे कापतो आणि हिशोब देत नाही, काय करावं?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: तुम्ही मस्कतला, दोन बेडरूमचा फ्लॅट पुण्याच्या बाणेरला, भाडं २८,००० आणि सगळा कारभार एका एजंटकडे. भाडं त्याच्या खात्यात जमा होतं. त्यातून तो आठ टक्के फी आणि 'दुरुस्ती-देखभाल' कापतो आणि उरलेलं तुम्हाला पाठवतो. गेल्या वर्षी दुरुस्तीपोटी ४१,००० कापले, त्याच भाडेकरूचा करार वाढवताना एक महिन्याची दलालीही घेतली. बिलं मागितली की "सर, एवढाही विश्वास नाही का?" असं म्हणतो. फी आठावरून सहा टक्क्यांवर आणायला सांगू का, असं तुम्ही विचारलंय.

फीवर घासाघीस करू नका. आठ टक्के म्हणजे वर्षाला २६,८८०. त्यात दुरुस्तीचे ४१,००० आणि दलालीचे २८,००० मिळवा, ९५,८८० होतात. वर्षाचं भाडं ३,३६,०००. म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के, जवळजवळ साडेतीन महिन्यांचं भाडं, तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. फी दोन टक्के उतरवून वाचतील ६,७२०, आणि ते तो पुढच्या गळक्या नळात वसूल करेल. तुमचं दुखणं फीच्या दरात नाही. भाडं त्याच्या हातातून जातं आणि खर्चही तोच ठरवतो, ते दुखणं आहे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतोय, कारण मी नऊ वर्षं कुवेतला होतो आणि कोथरूडचा माझा फ्लॅट असाच चालत होता. एजंट बोलायला गोड, दिवाळीला न चुकता फोन करणारा. तिसऱ्या वर्षी त्याने नव्या गीझरचे ९,५०० कापले. मी काही विचारलं नाही. काही महिन्यांनी भाडेकरू ताईंनी सोसायटीच्या ऑफिसातून माझा नंबर मिळवून थेट फोन केला. बाथरूमची ओल बेडरूमच्या भिंतीत उतरली होती, खालच्यांच्या छताचे पोपडे पडत होते आणि त्यांचं दोन वर्षांचं बाळ त्याच खोलीत झोपत होतं. "काका, चार महिने सांगतोय आम्ही," त्या म्हणाल्या. बोलता बोलता मी गीझरचं विचारलं. गीझर जुनाच होता. फक्त एलिमेंट बदललं होतं आणि त्याचे सातशे रुपये त्यांनीच दिले होते.

गीझरचे पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण ती ओल मला जास्त लागली. बारीकसारीक कामांचे पैसे दर महिन्याला कापले जात होते आणि जे काम खरंच करायला हवं होतं, ते माझ्या कानावरच आलं नव्हतं. मोठ्या खर्चाचं नाव काढलं की मालक प्रश्न विचारायला लागतो, दोन-तीन हजारांना विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि खालच्यांच्या छताचं प्लास्टर धरून ३८,००० गेले. वेळेत कळलं असतं तर निम्म्यात भागलं असतं. म्हणून आज पहिलं काम हे करा: भाडेकरूला स्वतः फोन लावा. चौकशी करायची म्हणून नाही, "घरात काही अडचण आहे का?" एवढंच विचारायला. वर्षभरात कोणती कामं झाली, कोण आलं होतं, पैसे कोणी दिले, हे त्यातून आपोआप कळेल. कापलेल्या ४१,०००पैकी किती खरे, याचा अंदाज अर्ध्या तासात येईल.

आता पैशाची वाट बदला. भाडं थेट तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या) खात्यात आलं पाहिजे. एजंटची फी तुम्ही दर महिन्याला वेगळी पाठवा, दुरुस्तीचे पैसे बिल बघून वेगळे पाठवा. याला करांचंही एक कारण आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून उद्गम कर (टीडीएस) कापायचा असतो, ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. रहिवासी मालकाला असते तशी महिन्याच्या भाड्याची मर्यादा इथे नाही. भारतातलं उत्पन्न कमी असेल तर आयकर खात्याकडून कमी दराचा दाखला घेता येतो, किंवा विवरणपत्र भरून परतावा मिळतो. भाडं एजंटच्या खात्यात जात असलं की मालक परदेशात आहे हे भाडेकरूला माहीतच नसतं, आणि उद्या नोटीस आली तर ती त्या बिचाऱ्याला येते.

बिलांकडे आपलं दुर्लक्ष का होतं, त्याचाही करांशी संबंध आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेली घरपट्टी वजा केल्यावर, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. खर्च शून्य असो की लाखभर, वजावट तेवढीच. म्हणून सीए बिल मागत नाही, म्हणून आपणही मागत नाही आणि एजंट म्हणतो, "बिलाचा तुम्हाला उपयोग काय?" उपयोग आहे, तो पैसा तुमचा आहे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि जुना आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २१३ नुसार मालकाने मागितला की एजंटने नीट हिशोब द्यायचाच असतो. कलम २१८ नुसार त्याच्या हाती आलेली तुमची रक्कम तुम्हाला द्यायची असते. तो कलम २१७ पुढे करू शकेल, कारण स्वतःची फी आणि केलेला खर्च आलेल्या रकमेतून ठेवून घ्यायचा हक्क त्याला त्या कलमाने आहे. खरं आहे, पण तो खर्च रीतसर झालेला असावा लागतो आणि हे दाखवणार कसं? बिलानेच. आणि २१६ नीट वाचा: तुमच्या नकळत तुमच्याच कामात त्याने स्वतःचा व्यवहार केला, समजा भावाच्या नावाने रंगकामाचं कंत्राट घेऊन त्यावर नफा काढला, तर तो फायदा तुम्ही मागू शकता. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. त्याने घेतलेल्या कामाचाच तो भाग आहे.

कोणी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, तक्रार करा म्हणेल. रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, भाड्याचा एजंट त्यात येत नाही. तिकडे वेळ घालवू नका.

भाडेकराराच्या खर्चावरही नजर टाका, कारण तिथे आकडा तुम्हाला घरबसल्या पडताळता येतो. लीव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे नेहमीच्या ११ महिन्यांच्या भाडेकराराचं, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर लागतं. तुमचे ११ महिन्यांचे ३,०८,००० आणि डिपॉझिट ८४,००० असेल तर त्याचं ११ महिन्यांचं व्याज ७,७००. त्यावर शुल्क होतं आठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अंगठे घ्यायला घरी येणाऱ्याची फी वेगळी, पण 'अ‍ॅग्रीमेंट खर्च ७,०००' असं लिहून आलं तर चलनाची प्रत मागा. नोंदणी टाळायला मात्र कधीही तयार होऊ नका. '११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदलेला हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नसेल तर शिक्षाही मालकालाच.

'सोसायटी चार्जेस' म्हणून काही कापत असेल तर सोसायटीकडून स्वतःच्या नावाचा खातेउतारा मागवा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाड्याने दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि त्यात घरपट्टी धरायची नसते. शासनाने हे २००१ मध्येच ठरवून दिलंय.

एजंटच्या बाजूनेही थोडं बोलतो. परत आल्यापासून आतेभावाचा वारज्याचा फ्लॅट मी बघतो, त्यामुळे हे काम काय असतं ते आता कळलंय. तीनशे रुपयांच्या कामाला प्लंबर तीनदा फिरवतो, दार उघडायला कोणीतरी जावं लागतं, लिफ्ट बंद असली की जिने चढावे लागतात. या मेहनतीचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, आणि उघडपणे मिळाले पाहिजेत. मला विचाराल तर टक्क्यांऐवजी दर फेरीचे ठरावीक पैसे द्या. मी माझ्या मुलाला ज्या एजंटकडे पाठवलं, तो एका फेरीचे ५०० घेतो आणि कामाचं बिल जसंच्या तसं पाठवतो. वर्षभरात एकदाही वाद झालेला नाही. रिन्यूअलला पूर्ण महिन्याची दलाली मात्र देऊ नका. भाडेकरू शोधायचे कष्ट त्याला दुसऱ्यांदा पडलेले नाहीत. कागद करून दिल्याची वाजवी रक्कम द्या.

आता क्रम सांभाळा, कारण यात माणसं चुकतात. करार आधी काढून बघा: डिपॉझिट कुणाच्या नावावर घेतलंय? एजंटच्या खात्यात असेल तर वाद सुरू करायच्या आधी ते तुमच्या खात्यात आणा, कारण घर सोडताना भाडेकरू ते तुमच्याकडेच मागणार. मग भाडेकरूला लेखी कळवा की पुढच्या महिन्यापासून भाडं या खात्यात. तोंडी सांगितलंत आणि त्याने सवयीने एजंटला भरलं तर त्याला दोष देता येणार नाही. घराची एक किल्ली नातेवाइकाकडे किंवा शेजारी ठेवा. एजंटला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) दिलं असेल तर ते रद्द करा. सहीसाठी भाऊ-बहिणीपैकी कुणाला फक्त भाडेकरारापुरतं मुखत्यारपत्र द्या. मस्कतच्या दूतावासात ते साक्षांकित करून घ्या आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

मग एजंटला हा निरोप पाठवा, शब्द हवे तर बदला: "नमस्कार. एप्रिलपासून आजवर जमा झालेलं भाडं आणि त्यातून कापलेली प्रत्येक रक्कम, तारीख, काम, कारागिराचं नाव आणि बिलासह, १५ दिवसांत पाठवावी. पुढील महिन्यापासून भाडं माझ्या खात्यात येईल, तुमची फी मी पाच तारखेला पाठवीन. दोन हजारांपर्यंतचं तातडीचं काम तुम्ही करून घ्या आणि फोटो पाठवा. त्यावरच्या कामाला आधी माझा होकार घ्या." व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्याच दिवशी ईमेलवरही.

प्रामाणिक माणूस असेल तर चार दिवसांत वही घेऊन बसेल. काही बिलं हरवलीत म्हणाला तर थोडं सोडून द्या, मीही सोडलं होतं. पण "विश्वास नाही का?" हेच पुन्हा ऐकू आलं तर रीतसर मुदत देऊन काम काढून घ्या. त्याचं उत्तर आलं की आकड्यांसकट इथे लिहा. कापलेल्या रकमांची यादी टाकलीत तर कुठला दर पुण्यात बसतो आणि कुठला नाही, ते मी बघून सांगेन.