नॉर्स देवांच्या युद्धातला आजचा सैनिक: पहिली कथा लिहिताना

आजचा सैनिक नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या, देवांच्या युद्धात उतरतो, ही आपली कल्पना सकस आहे, ती अवश्य लिहा. मात्र आधी आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन यांनी १२२० च्या सुमारास रचलेली ‘एड्डा’, म्हणजे या देवांच्या कथा सांगणारा ग्रंथ, वाचा. पडद्यावरचे देव तूर्त विसरा.

नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे सैनिकाच्या हाती रायफल देऊन देवांना लोळवणे. देवांचा प्रमुख ओडिन याच्या वल्हाल्ला या महालात रणात पडलेले वीर रोज एकमेकांना कापून काढतात, लढाई आटोपली की उठून सोबत जेवायला बसतात, आणि ज्या रानडुकराचे मांस ताटात येते तेही पुन्हा धडधाकट होते. जिथे मरण इतके तात्पुरते, तिथे आपला रणातला जोडीदार कायमचा गमावलेल्या सैनिकाच्या मनात काय उठेल, यावर कथा उभी करा.

रणात पडलेले निम्मे वीर फ्रेया या देवीकडे जातात, हेही लक्षात असू द्या. रॅग्नारोक, म्हणजे देवांचे अखेरचे महायुद्ध, नंतर पाहू. पहिल्या कथेला एकच लढाई पुरेशी आहे.