टाय-डायचे प्रश्न: आधी पंखा बंद करा

सुट्टी लागली की टाय-डायचे, म्हणजे कापड बांधून रंगवण्याचे, प्रश्न येतात, यंदा तर निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, म्हणून तोच आधी घेते.

ताई, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात टीशर्ट रात्रभर ठेवला तरी पहिल्याच धुण्यात रंग गेला. व्हिनेगर कमी पडलं का? (ऐरोली)

कमी कुठलं, मुळात नकोच होतं! व्हिनेगर म्हणजे आम्ल, ते लोकर-रेशमाच्या रंगांना लागतं. कॉटनवर पक्का बसणारा रंग म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, बाटिकवाले त्याला अजून प्रोसियनच म्हणतात कारण १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने तो त्या नावाने बाजारात आणला, आणि त्याला उलट अल्कली पाहिजे, म्हणजे धुण्याचा सोडा. मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, धरून ठेवत नाही. पुडीवर उकळत्या पाण्यात टाका असं असेल तर बहुतेक तो डायरेक्ट रंग, तो धुण्यात थोडा थोडा जातच राहणार. पुडी घेऊन दुकानात जा आणि रिअ‍ॅक्टिव्हमधला कोल्ड ब्रँड (न उकळता बसणारा) आहे का असं सरळ विचारा. 'सब एकही है मॅडम' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

घरात खायचा सोडा आहे, तो चालेल? (कोपरी)

नाही, फार सौम्य पडतो. धुण्याचा सोडा, लिटरला साधारण ५०-६० ग्रॅम, त्यात टीशर्ट १५-२० मिनिटं, हातमोजे घालून. आणि सुटी पुडी आणत असाल तर कॉस्टिक सोडा नाही ना ते दोनदा विचारून घ्या, कॉस्टिक कातडी जाळतो. यातलं काहीही डोळ्यात उडालं तर वाहत्या नळाखाली १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर. गुलाबपाणी वगैरे नको.

मुलाची फुटबॉलची जर्सी करायची आहे. (नेरूळ)

पॉलिस्टर आहे, नाही होणार. कॉटनचा घ्या.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये २० मुलांचं टाय-डाय ठेवतेय. किटवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय. मी गेले तीन महिने ऑर्डरी पण घेते, पावडर कालवली की शिंका येतात आणि रात्री खोकला, पण तो एसीचा असेल ना? (घोडबंदर रोड)

तीन महिने! बाई, तुम्ही मला कशाला लिहिताय, छातीच्या डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात, आणि रंगाची पुडी सोबत न्या म्हणजे त्यांना कळेल काय हुंगताय ते.

आता सगळ्यांसाठी. मी भिवंडीत डाइंगच्या लॅबमध्ये १८ वर्षं काढली, तिथे रंग तोलणारा माणूस मास्कशिवाय दिसला की मुकादम हाकलून द्यायचा, आणि घरात मात्र आपण तीच पावडर किचनच्या ओट्यावर, पोळ्यांच्या डब्याशेजारी, पंखा फुल करून उडवतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापडाला घट्ट धरतो म्हणून आपल्याला आवडतो, पण त्याची पावडर श्वासात गेली तर काही जणांचं शरीर त्याच्यावर चिडायला लागतं. एकदा ती अ‍ॅलर्जी बसली की पुढे चिमूटभर पुरते, दमासुद्धा लागू शकतो, आणि त्रास कधीकधी त्या क्षणी न होता रात्री होतो, मग आपण एसीला नाहीतर हवेला बोल लावतो. पावडर पाण्यात मिसळली की हा उडण्याचा धोका बराच संपतो. म्हणून पावडर एकाच मोठ्या माणसाने कालवायची, दमा नसलेल्याने (म्हणजे तुम्ही नाही), एन-९५ मास्क लावून, पंखा बंद, खाली ओला पेपर. मुलांच्या हातात फक्त तयार बाटल्या द्यायच्या, हातमोजे घालून. एखाद्या मुलाला दमा किंवा त्वचेचा त्रास असेल तर त्याच्या आईने आधी डॉक्टरांना विचारावं. वाटी, चमचा, मग जे वापराल ते परत स्वयंपाकात नाही, घासून चकचकीत केलं तरी नाही. आणि त्या नॉन-टॉक्सिकवर जाऊ नका, त्याचा अर्थ पावडर हुंगा असा होत नाही. केमिकल-फ्री लिहिलं असेल तर हसायचं, रंग हेच केमिकल आहे, हळदसुद्धा.

हळदीनेच केलं तर मग? (कळवा)

करा की, मजा येते. उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो, तेवढं चालणार असेल तर.

सगळं बरोबर केलं, २४ तास प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तरी रंग फिका. (खारघर)

कुठे ठेवलं होतं ते लिहिलंच नाहीत, पण खाली 'बेडरूममध्ये एसी १८ वर' असं ओझरतं आलंय, तेच कारण असणार. या रंगाला ऊब लागते, २१ अंशांच्या वर बरं. आपल्याकडच्या उकाड्याचा एवढा एकच फायदा, तो पण तुम्ही घालवलात. पिशवी बाल्कनीत सावलीत ठेवा. शिवाय बाटल्या ताज्या होत्या का बघा, ज्या किटमध्ये सोडा रंगातच घातलेला असतो तो रंग कालवल्यावर तासाभरात मरायला लागतो. उरलेला पुढच्या रविवारी वापरा असं विकणारा सांगत असेल तर त्याला पुढचं किट खपवायचंय.

जांभळा आणि पिवळा शेजारी घातला तर मध्ये चिखल झाला. (वाशी)

होणारच. मध्ये पांढरी जागा सोडा.

आधी गरम पाण्याने धुवायचं की गार? (डोंबिवली)

आधी गार, वाहत्या पाण्यात, सोडा निघेपर्यंत. मग गरम आणि साबण. पहिले दोन-तीन वेळा वेगळं धुवा, नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टांबरोबर नको.

शिवण पांढरीच राहिली. (पाचपाखाडी)

दोरा पॉलिस्टरचा आहे. राहू दे, छान दिसतं.