अंबड एमआयडीसीतल्या ऑफिससाठी इंटेलचा आय५-१४६००के प्रोसेसर घ्यावा की एएमडीचा रायझन ५ ७६००?

प्रश्न कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) आणि रेंडरिंगचा (त्यातून खरं वाटणारं चित्र बनवण्याचा) आहे आणि वीजही वाचवायची आहे. मग नुसता टीडीपी, म्हणजे कंपनीने दिलेला वॅटचा मूळ आकडा, पाहू नका. रायझन ५ ७६०० वर '६५ वॅट' लिहिलेलं असलं तरी पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत घेतो. १४६००के वर १२५ लिहिलंय, पण टर्बोत (वेग वाढवून चालताना) मर्यादा १८१ वॅट, आणि बरेच मदरबोर्ड तीही मोकळी सोडतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात साध्या कूलरवर तो लगेच १०० अंशांना भिडतो आणि वेग पडतो.

तुलना करायची ती एका कामाला किती वीज लागते याची. समजा, एक रेंडर ७६०० वर ६० मिनिटांत झाला: ८८ वॅट-तास. तोच १४६००के वर १८१ वॅटने ३६ मिनिटांत झाला तर १०९. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सलग चालतानाची आणि टर्बोतली वीजमर्यादा, दोन्ही १२५ वॅट केल्यावर ४० मिनिटं लागली, तर ८३ च. शेवटचे ५०-६० वॅट फार थोडा वेग देतात.

म्हणून रोज तासन्‌तास रेंडर असेल तर १४६००के घ्या, १२५ वर बांधून. बायोस आधी अपडेट करा, मायक्रोकोड (चिपच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) ०x१२बी किंवा पुढचा हवाच. जुन्यावर जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची खराब होऊ शकते. नुसतं ड्रॉइंग असेल तर ७६०० भरपूर झाला, कारण कॅड बहुतेक वेळ एकच कोअर वापरतं.

खात्रीसाठी सॉकेटला वॅटमीटर लावून स्वतःचीच फाइल रेंडर करून बघा.