“मला काही होणार नाही, एवढंच सांगा!”

“मॅडम, बाकी काही नको. मला आणि माझ्या घरच्यांना काही होणार नाही, एवढं एकदा खात्रीने सांगा.”

कोरोनाची साथ भरात असताना, समुपदेशनासाठी आलेल्या फोनवर ऐकलेलं हे वाक्य. त्या दिवसांत थोड्याफार फरकाने मी ते अनेकांकडून ऐकलं. चहूकडे आजार पसरलेला असताना मन शांत ठेवायचं कसं आणि आशा धरायची ती कशाच्या जोरावर, हा त्यामागचा खरा प्रश्न. तो कुठल्याही साथीत पडतोच, म्हणून या एका गृहस्थांची हकिकत मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, पेशाने लेखापरीक्षक. घरी पत्नी, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. त्यांच्याआधी त्यांच्या पत्नीचा फोन आला होता. “हे रात्र रात्र झोपत नाहीत. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन लावून बसतात. मुलगी नुसती शिंकली तरी तिच्यावर ओरडतात. आईंच्या खोलीच्या दारातूनच बोलतात, आणि त्यांना वाटतं, मुलगा रागावलाय.”

पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला एक वही दाखवली. सुबक अक्षर, पट्टीने आखलेले रकाने: वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप. रात्री 1:40 ला 97. 1:55 ला 96. 2:05 ला 97. 2:10 ला पुन्हा 96, आणि त्याभोवती लाल पेनाने गोल.

“एकने उतरलं ना, मॅडम.”

निरोगी माणसात रक्तातल्या ऑक्सिजनचा हा आकडा साधारण 95 ते 100 टक्क्यांच्या दरम्यान असतो. बोटं गार पडली, हात हलला, नखाला रंग असला तर तो चुकतोही. हे सगळं त्यांनी माझ्याआधी वाचलेलं होतं. माहितीची कमतरता नव्हतीच. म्हणून मी आकड्याबद्दल न बोलता विचारलं, “97 दिसल्यावर किती वेळ बरं वाटतं?”

ते विचारात पडले. “पाच मिनिटं. मग वाटतं, आत्ता किती असेल?”

“आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं तेव्हा?”

“घरी येईपर्यंत बरं वाटलं. रात्री वाटलं, त्यांनी घाईत तपासलं असेल तर?”

म्हणून मी त्यांना हवी ती खात्री दिली नाही. ती देणं खोटं ठरलं असतं, हे एक कारण. दुसरं असं की, ती पुढच्या खोकल्यापर्यंतच टिकली असती. खात्री मिळाली की भीती क्षणभर उतरते. पण ‘तपासलं म्हणून बरं वाटलं’ असं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर तपासायला लावतो. पत्नीलाही मी सांगितलं, ‘काही होत नाही हो’ असं सारखं म्हणत राहू नका. तुम्ही प्रेमापोटी म्हणता, पण त्याने त्यांची भीती पोसली जाते.

त्यांना छातीत दडपण यायचं, बोटांना मुंग्या यायच्या, डोकं हलकं व्हायचं. ही लक्षणं अगदी खरी होती, ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकण्यासारखी मुळीच नव्हती. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, आणि त्यातूनच मुंग्या, गरगरणं, श्वास पुरत नसल्याची भावना सुरू होते. माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि त्रास वाढतो. हे समजल्यावर ते पहिल्यांदा थोडे सैलावले. मी त्यांना श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. चार अंक मोजत सावकाश आत, सहा मोजत बाहेर. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरायला मदत होते. मात्र, खऱ्या श्वासाच्या त्रासावर हा उपाय नाही, हेही बजावलं. आकडा कितीच्या खाली गेला की फोन करायचा, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, म्हटलं. डॉक्टरांनी 94 सांगितला. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, बसून मोजायचं. एरवी मशीन पत्नीच्या कपाटात. पहिले काही दिवस त्यांना हे फार जड गेलं. एका रात्री कपाटाच्या किल्लीवरून घरात वादही झाला.

मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली ताठर मागणी आपल्याला जास्त छळते, हे तिचं सूत्र. यांची मागणी काय होती? आपल्या माणसांना आजार होऊ नये असं वाटणं रास्तच आहे. पण ‘होताच कामा नये, आणि तशी हमी मला आत्ता मिळालीच पाहिजे’ हा हट्ट कोणी पुरवू शकत नाही.

“म्हणजे काहीही झालं तरी चालेल, असं म्हणू?” ते चिडून म्हणाले.

“चालेल कसं? वाईट वाटेलच. पण झालं तर काय करायचं, हे आपल्याला माहीत आहे, एवढं म्हणता येईल?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माहीत तर काहीच नाही. मी नुसता मोजत बसलो होतो.”

त्याच बैठकीत आम्ही यादी करायला घेतली. घरात कोणी आजारी पडलं तर कुठल्या खोलीत राहील, डॉक्टरांचे नंबर, रुग्णवाहिकेचा नंबर, आईंची औषधं आणि जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये. आईंशी बोलायचं ते मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, अंतरावर बसून. पण रोज, आणि बसूनच. दारातून नाही. याची मला फार निकड वाटत होती. साथीत अंतर शरीरांमध्ये ठेवायचं असतं, माणसं मात्र तुटायला नकोत.

बातम्यांचं त्यामानाने लवकर सुटलं. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोरोनाला महासाथ म्हटलं आणि त्याच महिन्यात लोकांना सल्लाही दिला की, बातम्या दिवसातून एकदोनदा, ठरावीक वेळी पाहा. त्यांचा खरा त्रास फोनवर फिरणाऱ्या निरोपांचा होता. मी विचारलं, “व्हाउचर नसलेली नोंद तुम्ही खात्यात धरता का?” ते हसले. तेव्हापासून ज्याला मूळ स्रोत नाही असा निरोप ते वाचून सोडून देऊ लागले, पुढे पाठवणंही थांबलं.

मग एका बैठकीत, कशाच्या ओघात ते आता आठवत नाही, मी विचारलं, “हे मोजणं नेमकं कधी सुरू झालं?”

त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र गेला होता. त्यांच्याच वयाचा, कसलाही आजार नसलेला. अंत्यदर्शन झालं नाही. चार जण जमून रडतात, आठवणी काढतात, तेही नाही. फोन आला, तो ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑक्सिमीटर मागवला. मित्राच्या पत्नीला त्यांनी एकदाही फोन केलेला नव्हता. “काय बोलणार? आणि ती सांगेल, शेवटी काय झालं ते. मला ऐकवणार नाही.”

पुढचा जवळजवळ तासभर ते मित्राबद्दल बोलले. परीक्षेच्या आदल्या रात्री दोघं जागायचे ते, त्याचा मोठा आवाज, पैशांवरून झालेलं आणि मिटलेलं एक भांडण. मध्येच रडले. मी काहीही समजावलं नाही. इतके दिवस ज्याला सगळे भीती म्हणत होतो, त्यात दुःखाचा वाटा मोठा होता आणि त्याला वाट मिळालेली नव्हती. शांत राहणं म्हणजे रडू दाबणं, असा समज घेऊन फार माणसं माझ्याकडे येतात. मन दगडासारखं करून साथ काढता येत नाही.

आठवड्याने त्यांनी मित्राच्या पत्नीला फोन केला. ती शेवटच्या दिवसांबद्दल थोडंच बोलली. विमा, बँकेची खाती, वारस म्हणून नाव लावणं, यातलं काहीच कळत नाही म्हणून हवालदिल झाली होती. हे तर त्यांचं रोजचं काम! कागदांचे फोटो मागवून त्यांनी फोनवरून एकेक अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यात त्यांनी मला वही दाखवलीच नाही.

“आशा म्हणजे स्वतःची फसवणूक वाटते मला,” असं ते सुरुवातीला म्हणाले होते. ‘सगळं छान होईल’ असं मी तेव्हाही म्हटलं नाही, कारण ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी सगळं छान होणार नसतं. पण साथी संपतात, आणि माणसांनी केलेल्या कामामुळेही संपतात, हे घडलेलं आहे. 2003 मधली सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ लस नसताना आटोक्यात आली. रुग्ण वेगळे ठेवून आणि संपर्कातले लोक शोधून. देवीची साथ हजारो वर्षं माणसं मारत होती. 1980 मध्ये तिचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. कोरोनाच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही देशांत सर्वसामान्य लोकांना लस मिळू लागली. ही आशा कुणाच्या तरी कष्टावर उभी आहे, म्हणून मला ती खरी वाटते.

हे सगळं बोलण्यानेच साधेल असं नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, घाबरण्याचे झटके वारंवार येऊ लागले, जेवणखाण, काम सुटलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. काही काळ औषध लागलं तर त्यात कमीपणा नाही. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका.

काही महिन्यांनी त्यांच्या घरात आजार शिरलाच. आधी त्यांना, मग आईंना. त्यांना घरीच बरं वाटलं. आईंना काही दिवस रुग्णालयात ऑक्सिजन लागला आणि त्या घरी आल्या. “घाबरलो होतो,” ते म्हणाले, “हात थरथरत होते. पण फाइल हातात होती, कुणाला फोन करायचा ते ठाऊक होतं. आणि आईला रुग्णवाहिकेत चढवताना मी तिच्याशी बोलत होतो.”

त्यानंतर आमच्या बैठका थांबल्या. मित्राच्या विम्याचा एक दावा अजून अडकलेला होता, आणि ते त्याच्या मागे लागले होते.