लाळेची नळी पाठवण्यापूर्वी

प्रश्न : अमेरिकेतील मुलाने वंशमूळ सांगणाऱ्या जनुकीय चाचणीची पेटी दिली आहे. नळीत लाळ भरून पाठवायला हरकत आहे का?

उत्तर : घाई करू नका, असेच मी कळकळीने सांगेन. त्या लाळेत तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही माहिती असते. त्यांची संमती मात्र कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये अशा चाचण्या करणाऱ्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीच्या ग्राहकांच्या सुमारे १४,००० खात्यांत शिरलेल्या चोरांनी, नातलग शोधून देणाऱ्या सोयीचा आधार घेत, सुमारे ६९ लाख लोकांची माहिती मिळवली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचा साठाच विक्रीयोग्य मालमत्ता ठरला. तरीही चाचणी करायचीच असेल, तर आधी भावंडांना विचारा आणि संशोधनाला संमती देणारी चौकट रिकामी ठेवा.